एक जूनची वीस मुलं

हिरेहळ्ळी, ता. अक्कलकोट
१० एप्रिल १९७८

ती. सिद्रामप्पा मामांस,

महानंदाचा नमस्कार. रागातच लिहायला बसले आहे, तेव्हा अक्षराला हसू नका.

ज्या शाळेत तुम्ही बावीस वर्षं मुख्याध्यापक होता, त्याच शाळेच्या ऑफिसात आज तुमच्या खुर्चीवर बसलेले मुख्याध्यापक धोंडीराम सर सगळ्या शिक्षकांसमोर मला हसले. गोष्ट अशी. आपल्या गावचे जे शेठ मुंबईत कापडाचा व्यापार करतात, त्यांच्या ट्रस्टने माझ्या सहावीच्या वर्गाला उन्हाळी सहल दिली आहे. इथून रेल्वेने पुणे, पुण्याहून विमानाने मुंबई, दोन दिवस मुंबई बघायची आणि रेल्वेने परत. होय, विमानाने! बारा वर्षांखालच्या मुलाला अर्धं तिकीट पडतं, म्हणून वर्गातली वीसच्या वीस मुलं जाऊ शकतात. बरोबर दोन मोठी माणसं, मुख्याध्यापक आणि मी. तारीख चोवीस मे.

सर म्हणाले, "मुली कशाला, बाई? त्या नऊ जागांवर पाचवीतले हुशार मुलगे घेऊ." मी म्हटलं, पत्रात सहावीचा वर्ग लिहिलंय आणि नऊ मुली त्याच वर्गात आहेत. तर म्हणतात, "आई-बाप पाठवणार न्हाईत. तुम्ही बी.ए. झालात म्हणून सगळ्यांच्या पोरी आभाळात जात्यात व्हय?" आणि सगळे हसले.

मामा, बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आमच्या घरात तो वाचून समजेल असं कुणी नव्हतं. मी तो आईला कन्नडमधून सांगितला. माझ्या मागून येणाऱ्या मुलीला अशी एकटी उभी ठेवायची नाही, एवढ्यासाठी मी या गावात नोकरी घेतली. या नऊ मुली जाणार म्हणजे जाणार.

पण गाव माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतं. पालकांना तुमच्या हातचं एक पत्र पाठवा.

तुमची,
महानंदा

———

बाळीवेस, सोलापूर
१५ एप्रिल १९७८

चि. महानंदास आशीर्वाद.

सोबत पालकांसाठी पत्र आहे. मराठीत लिहिलं आहे, वाचून दाखवताना कन्नडमध्ये सांग. बायकांना आधी सांग, पुरुष आपोआप तयार होतील.

धोंडीरामचं हसणं मनावर घेऊ नकोस. त्याला सायकल मी शिकवली. चार महिने शिकवली, आणि तो अजून उतरताना पडतो असं ऐकतो. असा माणूस विमानाला भिणारच.

पार्वतम्माची गुरम्मा यादीत आहे ना? आता अंगानं कशी आहे? लहानपणी फार हडकुळी होती, वाऱ्यानं उडेल अशी. तिला जरूर ने.

रुद्रप्पाशी भांडू नकोस. तो संस्थेचा चेअरमन आहे आणि तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही. आणि मुलांचे वयाचे दाखले वगैरे धोंडीरामला करू दे. त्या कागदांत तू पडू नकोस.

उन्हात फिरताना डोक्यावर पदर घे.

सिद्रामप्पा

———

हिरेहळ्ळी
६ मे १९७८

ती. मामांस,

नऊच्या नऊ मुली येणार! तुमचं पत्र मी दारोदार वाचलं. गोजरबाई आजीनं तर तीनदा वाचायला लावलं आणि शेवटी विचारलं, "मास्तरांनी इमान पडलं तर काय करायचं ते लिवलं न्हाय का?" मी म्हटलं, पडणार नाही. म्हणाल्या, "आगं, यष्टी पडती की तितं वढ्यात, मग इमानाला काय झालंय? पर जाऊ दे माज्या नातीला, सारजाला. माजा सगळा जलम ढेकळं फोडण्यात गेला, तिला वरनं बघू दे ती कशी दिसत्यात." पार्वतम्मा एवढंच म्हणाली, "मास्तर म्हनतात तर पाठवते. पर बाई, तुमी संगं पायजे."

रोज सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, तयारी घेते. मैदानात चुन्यानं विमान आखलं आहे. गोणपाटं टाकून बाकड्यांसारख्या रांगा केल्या आणि मधून वाट ठेवली. पट्टा कसा बांधायचा ते बैलाच्या कासऱ्यानं शिकवलं. कानात दडे बसले तर गिळायचं, पोटात ढवळलं तर लिंबू चोखायचं, बाईला विचारल्याशिवाय उठायचं नाही. खिडकीवरून भांडण नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. संगप्पाला खिडकी आली आणि तो रडायला लागला. म्हणाला, "मला मधी बसवा, भ्या वाटतं." वर्गात सगळ्यांत उंच मुलगा तो!

एकदा चेअरमन रुद्रप्पा मोटारसायकलवरून बघायला आले. त्यांचा ईरप्पा माझ्याच वर्गात आहे. चुन्याच्या विमानावरूनच गाडी नेली आणि म्हणाले, "बाई, पायलट कोन, तुमी का?" पुसलेल्या रेघा मुलांनी पुन्हा आखल्या. मी दात आवळून उभी राहिले. तुम्ही भांडू नको म्हणाला होता.

पण परवा त्यांनी हद्द केली. चोवीस मेला त्यांच्या घरी लग्न आहे, म्हणून सहल चार जूनवर ढकलली. धोंडीराम सरांनी आपली जागा त्यांना देऊन टाकली आहे. चेअरमनना मुंबईच्या विमानतळावर शेठच्या हातून हार घालून घ्यायचा आहे, फोटोसकट. वीस मुलांची सहल एका माणसाच्या हारासाठी अकरा दिवस पुढं! कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि त्याचा मला जास्त राग येतो आहे.

महानंदा

———

बाळीवेस, सोलापूर
१० मे १९७८

चि. महानंदा,

कार्ड मिळताच रुद्रप्पाला भेट. काही झालं तरी सहल एक जूनच्या आत व्हायला हवी. पंचवीसला ने, तीसला ने, पण एक जूनच्या आत. कारण विचारू नकोस. माझं नाव सांगू नकोस.

सिद्रामप्पा

———

हिरेहळ्ळी
१८ मे १९७८

मामा,

आज नमस्काराची ओळ लिहायला हात धजत नाही.

तुमचं कार्ड आलं तेव्हा मला वाटलं, मामा म्हातारपणी मुहूर्त बघायला लागले. हसून ते पुस्तकात ठेवलं. काल ट्रस्टच्या कारकुनाचं पत्र आलं. आपण पाठवलेल्या दाखल्यांप्रमाणे वीसही मुलांची जन्मतारीख एक जून एकोणीसशे सहासष्ट आहे. चार जूनला सगळ्यांना बारा पूर्ण झालेली असतील. मग पूर्ण तिकिटं लागतील आणि तेवढ्या खर्चात फक्त दहा मुलं बसतात. दहा नावं कळवा.

मी दाखले काढून पाहिले. वीस मुलं, वीस आया, तीन वाड्या, आणि सगळी एकाच दिवशी जन्मली! सर हसून म्हणाले, "अहो बाई, शाळेत सगळी एक जूनलाच जन्मतात. तुमी कधी जन्मला?" मी माझा दाखला आठवला. एक जून. तोही तुमच्याच हातचा.

तुम्हाला माहीत होतं. दाखल्यांत पडू नकोस म्हणालात तेव्हाही माहीत होतं. कारण सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी शेठना तार केली असती. तुम्ही मला कोड्यासारखं कार्ड पाठवलंत.

काल संस्थेची बैठक झाली. रुद्रप्पा म्हणाले, "दहा ना? मग सोपं हाय. पोरगे अकरा हायत, एक गाळा. पोरींचं काय, बाई, त्या सासरी जातीलच की, तवा बघतील परगाव." गाळायला संगप्पाचं नाव निघालं, कारण त्याला चप्पल नाही. हे सगळं चहाची कपबशी हातात धरून. मी म्हटलं, माझी सही मिळणार नाही. तर सर म्हणाले, "तुमची सही लागतच न्हाई."

आज सकाळी सात वाजता मुलं आली. मी काही सांगितलं नाही. गुरम्मानं सगळ्यांचे कासरे तपासले, कुणाचा सैल तर नाही. मी पाठ फिरवून उभी राहिले.

वीस मुलांची खरी तारीख विचारायला तुम्हाला किती वेळ लागला असता? एक संध्याकाळ. तुमच्या आळसानं नऊ मुलींची जागा गेली. मी हे आयुष्यात कुणाविषयी लिहीन असं वाटलं नव्हतं, तुमच्याविषयी तर नाहीच.

महानंदा

———

बाळीवेस, सोलापूर
२२ मे १९७८

चि. महानंदा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आळस नव्हता.

बहात्तरचा जून आठव. तू सोलापूरला हॉस्टेलवर होतीस. गावात प्यायला पाणी नव्हतं. पार्वतम्मा अक्कलकोट रस्त्यावर खडी फोडत होती आणि गुरम्मा दिवसभर खडीच्या ढिगाजवळ बसून असायची. शाळेत मुलांना सुकडी मिळायची, ती गुळाची तपकिरी भुकटी. पण पटावर नाव असेल त्यालाच, आणि पटावर सहा वर्षं पूर्ण झालेल्यालाच घेता येत होतं. गुरम्मा पावणेपाच वर्षांची होती. पार्वतम्मा मला म्हणाली, "मास्तर, हिला शिकवू नका, पर ओंजळभर घाला." मी लिहिलं, एक जून सहासष्ट. मग सारजा आली. मग सगळ्या आल्या. त्या पानावर एकोणीस मुलं वयाआधी घेतली आहेत. रुद्रप्पाचा ईरप्पाही. तो भुकेला नव्हता, घरी लई दंगा करतो म्हणून रुद्रप्पानं आणून बसवला. त्यालाही मी तीच तारीख दिली, म्हणजे पान एकसारखं दिसेल.

एकटा संगप्पा वयानं मोठा आहे. तो दोन वर्षं शेळ्यांमागं होता. त्याचं वय मी कमी केलं, नाहीतर तो पुढं वर्गात टिकला नसता.

म्हणून ही मुलं कागदावर बारा वर्षांची आणि खरी दहा-अकराची आहेत. त्यांचं तिकीट अर्धंच आहे. पण हे बोलायचं तर मी सरकारी धान्य खोट्या नोंदीवर वाटलं हेही बोलावं लागेल. माझं पेन्शन आहे, त्याच्यावर मुलाचा संसार चालतो, त्याची गिरणी चार महिने बंद आहे. आणि वय उघड झालं तर मुलांना सातवीतून खाली बसवतील.

दहा मुलगे जाऊ देत. पुढच्या वर्षी मुलींसाठी काहीतरी करू. हे उकरू नकोस.

मामा

———

हिरेहळ्ळी
२६ मे १९७८

ती. मामांस,

आळस म्हटलं ते परत घेते. राग परत घेत नाही.

तुम्ही ओंजळभर घातलंत ते मी डोक्यावर घेते. पण तेव्हा तुम्ही जिच्यासाठी खोटं लिहायला भ्याला नाहीत, तिच्यासाठी आज खरं बोलायला भिता. "पुढच्या वर्षी मुलींसाठी काहीतरी करू." मामा, हे वाक्य मी धोंडीराम सरांकडून ऐकलं, रुद्रप्पांकडून ऐकलं. तुमच्या अक्षरात बघायची तयारी नव्हती. पुढच्या वर्षी यातल्या चौघींची लग्नं झालेली असतील. गुरम्माला बघून गेले आहेत, वळसंगहून.

मी पोलीस पाटील महिपतींकडे गेले. त्यांच्याकडे गावची जन्म-मृत्यूची वही आहे. ओसरीत बसून आम्ही वीसही नावं शोधली. गुरम्मा, ऑक्टोबर सदुसष्ट. ईरप्पा, ऑगस्ट सदुसष्ट. तुमचं म्हणणं खरं आहे, एकोणीस मुलं अजून बारा वर्षांखाली आहेत. वही घेऊन ऑफिसात गेले. सर म्हणाले, "पाटलाची वही आन् शाळेचं रजिस्टर, यात कुटलं खोटं ते मी कसं सांगू? ज्यानं लिवलं त्यानं सांगावं." आणि माझ्याकडे बघून हसले. त्यांना माहीत आहे की ज्यानं लिहिलं तो बाळीवेशीत बसून आहे.

बुधवारी एकतीस तारखेला चावडीसमोर पालकांची सभा आहे. तिथं दहा नावं वाचणार आहेत. या आणि सांगा. पेन्शनचं काही झालं तर माझा पगार आहे, त्यातला अर्धा तुमच्या घरी येईल. हे मी रागात लिहीत नाही, हिशेब करून लिहिते आहे.

आला नाहीत, तर मी उभी राहून तुमचं पत्र वाचून दाखवीन. ही धमकी आहे. भाचीनं मामाला धमकी द्यावी अशी वेळ तुम्ही आणलीत.

महानंदा

———

बाळीवेस, सोलापूर
१ जून १९७८

चि. महानंदा,

काल सभा संपायच्या आत पाचच्या एस.टी.नं निघून आलो. तुझ्याशी बोललो नाही. तुला वाटलं असेल रागावून गेले. तसं नाही. माझ्यानं तिथं उभं राहवेना.

बावीस वर्षं चावडीच्या ज्या पारासमोर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, तिथं उभं राहून "मी खोटं लिहिलं" म्हणायला जीभ उचलत नव्हती. तू समोर बसली होतीस, माझं पत्र हातात धरून. मला तुझा राग आला, हे तुला सांगून टाकतो.

रुद्रप्पा म्हणाला, "म्हंजे मास्तर, सरकारी सुकडी खोट्या वयावर वाटली म्हना की." मी मान खाली घातली. आणि पार्वतम्मा बायकांतून उठली. गावात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "व्हय, वाटली. माजी लेक खाऊन जगली. तवा तुमी कुटं व्हता, चेअरमन?" मग महिपती पाटील एकेक नाव आणि तारीख वाचत गेला. ईरप्पा रुद्रप्पा आलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, चेअरमनच्या पोरानं पन सुकडी खाल्ली की! पावशेर तरी परत करा, साहेब." सगळे हसले. रुद्रप्पाही हसला, पण मी त्याला लहानपणापासून ओळखतो, ते हसणं नव्हतं.

मी जबाब लिहून दिला आणि सही केली. पुढं काय झालं ते कळव. मुली जाणार का?

पगाराचं पुन्हा लिहू नकोस.

मामा

———

पुणे स्टेशन
४ जून १९७८

ती. मामांस, नमस्कार.

मुंबईच्या गाडीची वाट बघत बाकावर बसून लिहिते आहे. हो, मी इथं आहे आणि मुलं आभाळात. नीट क्रमानं सांगते, नाहीतर रागात सगळं उलटसुलट होईल.

तुम्ही निघाल्यावर सरांनी दाखले बदलून दिले. एकोणीस. रुद्रप्पांच्या ईरप्पाचं नाव त्याच वहीत निघालं नसतं, तर त्यांनी ते होऊ दिलं नसतं. शाळेचं रजिस्टर मात्र आहे तसंच राहणार, म्हणजे मुलं सातवीत बसतील. मी खऱ्यासाठी भांडले आणि गावात आता प्रत्येक मुलाची दोन वयं झाली. तुमचा जबाब सरांनी कपाटात ठेवला आहे. मी मागितला, तर म्हणाले, "राहू दे, कधी लागला तर." कशासाठी ते तुम्हाला आणि मला कळतं. मी तो मिळवल्याशिवाय राहणार नाही.

राहिला संगप्पा. पाटलांच्या वहीत तो चौसष्टच्या दिवाळीतला निघाला. साडेतेरा. ती वही मीच उघडली होती. त्याला पूर्ण तिकीट हवं आणि पूर्ण तिकिटं दोनच होती, रुद्रप्पांचं आणि माझं. मी रुद्रप्पांना म्हटलं, तुम्ही रेल्वेनं या, हार तिथंच मिळेल. ते म्हणाले, "बाई, खरं-खरं करत व्हता ना? मग खऱ्याचं तुमी भरा." मी भरलं. फार मोठ्या मनानं भरलं असं समजू नका. मलाही विमानात बसायचं होतं. मी दोन महिने स्वप्नात बसत होते.

पार्वतम्माला आधी जाऊन सांगितलं, विमानात मी नसेन, मुंबईला दुपारपर्यंत पोहोचते, तोवर ट्रस्टच्या बाई मुलींबरोबर राहतील. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्यो हार घालून घेनार, आन् तुमी आगगाडीनं? बाई, तुमास्नी राग येत न्हाय का?" मी म्हटलं, येतो. म्हणाली, "मग ठीक हाय."

विमानतळावर काउंटरवरच्या साहेबांनी दाखले चाळले आणि गुरम्माला पुढं बोलावलं. "बाळ, तुझी जन्मतारीख काय?" ती हात मागं बांधून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "खरी सांगू का शाळेतली?" साहेब इतके हसले की शेजारच्या काउंटरवरचे बघायला आले. "खरी सांग." "तारीख ठावं न्हाय. आई म्हंती, तवा तूर फुलात हुती." त्यांनी शिक्का मारला.

मी कुंपणाच्या बाहेरून बघितलं. मुलं दोन-दोनच्या रांगेत चालत गेली, मुली पुढं. सगळ्यांत मागं संगप्पा, पाटलांच्या मुलाच्या चपला घालून, ओढत ओढत. रुद्रप्पा रांगेत नव्हते, फोटो काढून घेत होते. मग विमान धावलं आणि उठलं. शेजारी एक बाई म्हणाली, "तुमची मुलं का?" मी हो म्हटलं. "मग रडता कशाला, चांगलं झालं की!" तिला कसं सांगणार, हे रडणं रागाचं आहे म्हणून.

बारा तारखेला पहिलीचे प्रवेश सुरू होतात. प्रवेशाचं काम माझ्याकडे आहे. मी ठरवलं होतं, पाटलांची वही शेजारी ठेवीन आणि एकाही मुलाचा जन्म एक जूनला लिहिणार नाही. खरी तारीख म्हणजे खरी तारीख. गाडी यायला अजून वेळ आहे आणि मी तेच पुन्हा पुन्हा घोकते आहे. पण मामा, यंदाही मृगाची काही खात्री नाही म्हणतात. पावणेपाच वर्षांची एखादी दारात येऊन उभी राहिली, आणि तिची आई म्हणाली, बाई, हिला शिकवू नका, पर ओंजळभर घाला, तर मी काय लिहीन?

मला माहीत नाही. बी.ए., बी.एड. होऊन मला माहीत नाही. सगळ्यांत जास्त राग मला याचाच येतो आहे.

महानंदा